पारावरच्या सेनापतींसाठी पटावरची लढाई

रेणापूरच्या पारावर बसणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला पानिपत कसं जिंकता आलं असतं, हे तोंडपाठ असतं. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवलं, ते ठीकच. पुढच्या जानेवारीत यांना विचारलं नाही म्हणून सगळा घोटाळा. अशा जाणकारांना पायदळाची छोटी लढाई पटावर शिकवायची असेल, तर काही पथ्यं पाळावी लागतात.

लाखाचं सैन्य मागू देऊ नये. जॉन हिल यांनी रचलेला, 1977 साली आलेला 'स्क्वॉड लीडर' हा अमेरिकी खेळ मांडावा. त्यात एक सोंगटी म्हणजे दहाएक माणसांची तुकडी, पटावरचा एक षटकोन म्हणजे 40 मीटर, एक फेरी म्हणजे साधारण दोन मिनिटं. पहिलाच डाव स्टालिनग्राडच्या घराघरांतला. दोन मिनिटांची ती फेरी खेळायला अर्धा तास जातो, हे आधी सांगू नये.

पंखा बंद करावा.

सोंगट्या अर्ध्या इंचाच्या, पुठ्ठ्याच्या. एकीवर एक चढवलेल्या. बोटांनी हलवल्या की शेजारची फलटण सांडते, म्हणून चिमटा वापरावा. खुणेला तुरीची डाळ चालते. सोयाबीन ठेवू नये. ते गडगडत थेट शत्रूच्या हद्दीत जातं.

कुणाला कोण दिसतं, यावरून खरी भांडणं होतात. दोन षटकोनांच्या मध्यबिंदूंवर दोरा ताणून धरायचा. वाटेत घर आडवं आलं, तर पलीकडचं दिसत नाही, विषय संपला. पण आडोशाचे आकडे सांगताना जपावं. लाकडी घराला दोन, दगडीला तीन, एवढं म्हणताच कुणीतरी माळवदाच्या हातभर रुंद भिंतीला किती, हे विचारतो. प्रश्न रास्त आहे. नियमपुस्तकात उत्तर नाही.

फाशांवर मोठं दान पडलं की ज्येष्ठ मंडळी टाळी वाजवतात. इथं लहान दान चांगलं. तुकडीच्या प्रत्येक सोंगटीवर तीन आकडे असतात : माऱ्याचा जोर, पल्ला आणि धीर. धीर सात असेल आणि गोळीबारात त्याची साधी परीक्षा झाली, तर दोन फाशांची बेरीज सात किंवा कमी यावी लागते. ती 36 पैकी 21 वेळाच येते. बाकी वेळा धीर सुटतो, सोंगटी उलटते आणि तुकडी आडोसा शोधत पळते.

"आरं, सरळ घुसायचं की! कशाला पळायलेत?" ही हाक इथंच येते. पळतात, कारण घाबरतात. हिल यांच्या खेळाचा सगळा जीव या एका आकड्यात आहे. उघड्यावरून धावणाऱ्यावर मारा आणखी जोरात बसतो, हेही हाक देणाऱ्याला पटत नाही. बिचकलेल्या तुकडीला पुन्हा उभं करायचं, तर तिचा म्होरक्या त्याच षटकोनात जाऊन बसावा लागतो. पारावरून ओरडून भागत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. याच मंडळींना बचावाची बाजू दिली, की ती सुरेख खेळतात : दडून बसतात, गोळी राखून ठेवतात, समोरच्याला जवळ येऊ देतात. बांधाच्या वादात मुरलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. हल्ला पोरांकडे द्यावा.

आणि सोयाबीनची रास होऊन हरभरा पेरून होईपर्यंत डाव लावूच नये. तोवर भिडू मिळत नाही.