शिव शिव, लिमाला नुसतं जेवायला!

माचू पिच्चू न बघता पेरूहून परतलेली माणसं हल्ली उजळ माथ्याने फिरतात. पूर्वी असं झालं असतं तर चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून गेलात आणि इंकांचं ते डोंगरावरचं गाव बघितलंच नाहीत? मग केलंत काय तिथे? तर म्हणे, जेवलो. दुपारी जेवलो, रात्री जेवलो, मधल्या वेळात कड्यावरून समुद्र बघितला आणि पुन्हा भूक लागायची वाट पाहिली. वर हे सगळं फोटोंसकट सांगतात. जनाची नाही तर मनाची तरी!

लिमा ही काय सुट्टी घालवायची जागा आहे? आतापर्यंत लोक तिथे विमान बदलायला उतरत. रात्री पाठ टेकायची, पहाटे माचू पिच्चूकडे जायला कुस्कोचं विमान गाठायचं, संपला लिमाचा संबंध. गावाची कीर्तीही तशीच. हर्मन मेलव्हिलने १८५१ च्या 'मोबी डिक'मध्ये या शहराच्या उदासपणाचा पंचनामा करून ठेवला आहे. तो परका म्हणून सोडून द्यावा, तर लिमातच जन्मलेल्या सेबास्तियान सालासार बोंदी यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या शहरावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'भयाण लिमा'. घरचाच आहेर! वाळवंटाच्या काठावरचं हे गाव. पाऊस जवळजवळ नाहीच, पण समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे जून ते ऑक्टोबर धुक्याचं असं काही झाकण बसतं, की सूर्याने रजा टाकल्यागत अवस्था. त्या आभाळाच्या रंगाला लिमाकर स्वतःच 'गाढवाचं पोट' म्हणतात. आणि माचू पिच्चूचा कोरडा हंगाम नेमका त्याच महिन्यांत, म्हणून आपली मंडळी पोचतात तीही त्या पोटाखालीच. तरीही खूश!

ही सगळी करणी एका चांगल्या घरातल्या मुलाची. गास्तोन आकुरियो हे त्याचं नाव. वडील सिनेटर, मंत्री. मुलाला माद्रिदला कायदा शिकायला धाडलं. मुलाने कायद्याला रामराम ठोकला, पॅरिसला जाऊन स्वयंपाक शिकला आणि आस्त्रिद या जर्मन मुलीला घेऊन घरी परतला. दोघांनी १९९४ मध्ये मिराफ्लोरेसमध्ये 'आस्त्रिद इ गास्तोन' काढलं. सुरुवातीला तिथे फ्रेंच पद्धतीचं जेवण मिळे, कारण भल्या घरच्या लोकांनी बाहेर जेवायचं ते फ्रेंचच, अशी तेव्हाची रीत. पुढे याच माणसाने गल्लीतले, बाजारातले, आजीच्या हातचे पदार्थ पांढऱ्या टेबलक्लॉथवर मांडले आणि भल्या घरच्यांनी ते मुकाट्याने, नव्हे, रांग लावून खाल्ले. मग लोकांचं प्रेम इतकं उतू गेलं, की याला देशाचा राष्ट्राध्यक्षच करा, अशी मागणी सुरू झाली. बिचाऱ्याने हात जोडले. शहाणा माणूस! त्या देशात २०२० च्या नोव्हेंबरात आठ-नऊ दिवसांत तीन राष्ट्राध्यक्ष झाले. लिमात सर्वोच्च खुर्ची तेवढ्यात तीन जणांना मिळते. जेवायची खुर्ची मात्र काही महिने आधी राखून ठेवावी लागते.

कारण ती यादी! जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंट्सची. २०२३ मध्ये विर्हिलिओ मार्तिनेस आणि पिया लेओन या नवरा-बायकोचं 'सेंत्राल' त्या यादीत पहिलं आलं. दक्षिण अमेरिकेला हा मान पहिल्यांदाच मिळाला. एकदा पहिलं आलं की पुन्हा स्पर्धेत उतरायचं नाही, असा त्या यादीचा नियम आहे. म्हणजे आता दुसऱ्या कुठल्या शहराला संधी मिळेल की नाही? तर २०२५ मध्ये मित्सुहारू त्सुमुरा यांचं 'माइदो' पहिलं, आणि तेही लिमातलंच! एकाच गावाने किती हावरटपणा करावा?

बरं, 'सेंत्राल'मध्ये मिळतं तरी काय? उंची. समुद्राच्या तळापासून चार हजार मीटरांच्या वर अँडीजपर्यंत, ज्या उंचीवर जे उगवतं किंवा पोहतं, ते त्या त्या उंचीचं ताट होऊन येतं. एक घास समुद्राखालचा, पुढचा पर्वतावरचा, त्याच्या पुढचा अमेझॉनच्या जंगलातला. माणशी काही शे डॉलर मोजायचे आणि खुर्चीत बसल्या बसल्या धाप लागेल इतकं चढायचं. हे करून आलेला माणूस वर म्हणतो, 'माचू पिच्चूची गरजच वाटली नाही.'

आणि सरकारही सामील आहे बरं का. २०११ मध्ये पेरूच्या पर्यटन प्रचारासाठी एक फिल्म केली गेली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पेरू नावाचं एक चिमुकलं गाव आहे. खऱ्या पेरूची नामवंत मंडळी लाल बस घेऊन तिथे धडकली आणि गावकऱ्यांना सांगू लागली, की तुम्ही नावाने पेरूकर आहात, तेव्हा चांगलंचुंगलं खाणं हा तुमचा जन्मसिद्ध हक्क आहे! कोणी कोणाच्या गावात शिरून असं जेवू घालतं का? २०२५ मध्ये ईबाय यानोस या स्पॅनिश स्ट्रीमरने इंटरनेटवर नाश्त्यांचा विश्वचषक भरवला, तेव्हाही अख्खा देश मतदानाला बसला आणि 'पान कोन चिचारोन' जिंकून मोकळा झाला. हा पदार्थ म्हणजे पावात तळलेलं डुक्कर, रताळ्याचे काप आणि लिंबू पिळलेला कांदा. रविवारी सकाळी सकाळी!

राहण्याचीही तीच तऱ्हा. पूर्वी लोक विचारत, हॉटेलातून समुद्र दिसतो का? आता विचारतात, हॉटेलातून चालत कुठे जेवता येईल? त्यातही जाती-पोटजाती आहेत. पहिल्यांदा जाणारे मिराफ्लोरेसमध्ये उतरतात. कड्यावर बागांची रांग, खाली पॅसिफिक, कड्याच्या पोटात कोरलेला लार्कोमार मॉल आणि सुरक्षित वाटेल असा रस्ता. इथल्या प्रेमोद्यानात व्हिक्तोर देल्फिन यांचं एक अजस्र शिल्प आहे. त्यातलं जोडपं १९९३ पासून भर उजेडात चुंबन घेतंय, आणि कोणी मान वळवून बघत नाही. सगळ्यांचे डोळे फोनमध्ये, कुठलं टेबल रिकामं झालं का ते पाहायला. अवशेष बघितल्याचं पुण्य हवंच असेल तर तेही इथेच: उवाका पुक्याना हा कच्च्या विटांचा, दीड हजार वर्षांपूर्वीचा पिरॅमिड वस्तीच्या मधोमध उभा आहे आणि त्याला खेटून, अर्थातच, रेस्टॉरंट आहे.

ज्यांना मिराफ्लोरेस फार मध्यमवर्गीय वाटतं ते बारांकोला जातात. जुने बंगले, भिंतींवर चित्रं, कवी-चित्रकारांची वस्ती. आता हवेल्यांची हॉटेलं झाली आणि कवींना भाडं परवडेना. तिथला उसाशांचा लाकडी पूल श्वास रोखून ओलांडला तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. पूर्वी लोक प्रेम मागत. आता 'सेंत्राल' त्याच उपनगरात, त्याच आवारात पिया लेओन यांचं 'क्योये'. तेव्हा काय मागत असतील ते सांगायला नको. सान इसिद्रो हे बँकवाल्यांचं, ऑलिव्हच्या जुन्या राईचं आणि लवकर झोपणाऱ्यांचं. आणि जुनं शहर? कोरीव लाकडी सज्जे, मठ, चौक, सगळं युनेस्कोच्या यादीतलं. पण दिवसा बघा आणि संध्याकाळी निघा, असा सल्ला लिमाकरच देतात. निघण्यापूर्वी सान मार्तिन चौकातल्या १९२४ च्या ग्रान ओतेल बोलिवारमध्ये पिस्को सावर मात्र घेतात. द्राक्षाची दारू, लिंबू, साखर आणि वर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. मोठ्या पेल्याला तिथे 'कॅथेड्रल' म्हणतात. देवाधर्माचं नाव दारूला! वर ही दारू आमचीच, असं शेजारचा चिलीही म्हणतो आणि दोन देश त्यावरून भांडतात.

पण खरा अनाचार भर दुपारी होतो. सेविचे! काउंटरमागचा माणूस तुमच्यासमोर ताज्या माशाचे अंगठ्याएवढे चौकोन करतो. त्यावर मीठ, बारीक चिरलेली तिखटजाळ मिरची, मग लिंबू. लिंबू हलक्या हाताने, अर्धंच पिळायचं. शेवटपर्यंत पिळलं तर कडवटपणा उतरतो. भांडं थंड राहावं म्हणून बर्फाचा एखादा खडा फिरवून काढायचा. लांब कापलेला लाल कांदा, दोन-चार मिनिटं हलवाहलव, की झालं. विस्तव नाही, फोडणी नाही! पूर्वी मासा लिंबात तासन्‌तास मुरवत. एवढी घाई शिकवली ती जपानी हातांनी. सोबत उकडलेल्या रताळ्याचा काप आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. खाली उरलेला पांढुरका, आंबट-तिखट रस म्हणजे 'लेचे दे तिग्रे', वाघाचं दूध. मालवणी ताटावर सोलकढीचा पेला तोंडाला लावावा तसा तो शेवटी लावायचा. २०२३ मध्ये युनेस्कोनेही सेविचेवर वारशाचा शिक्का मारला, म्हणजे आता बोलायची सोय उरली नाही.

आता आपल्यातल्या शाकाहारी मंडळींची तक्रार ऐका. तिथे व्हेज काय मिळणार, म्हणून बॅगेत भाकरवडी, ठेपले, मेतकूट भरून जातात. इथेच खरी भानगड आहे. एकादशीचं ताट आठवा. बटाटा अँडीजमधला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिथलाच. मिरची तिकडची, रताळं आणि राजगिरा अमेरिका खंडांचेच. बहुतेक मंडळी पोर्तुगिजांच्या कृपेने आपल्याकडे आली आणि थेट उपवासाला बसली. ताटात आपलं उरलं काय? तूप, दही आणि वरीचे तांदूळ. आणि ही बॅग घेऊन आपण जाणार ते अशा शहरात, जिथे १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि त्यात बटाट्याच्या हजारो जाती सांभाळून ठेवल्या आहेत! तिथल्या बाजारात जांभळे, पिवळे, गाठाळ बटाटे ढिगाने पडलेले असतात. पिवळ्या मिरचीच्या आणि ताज्या चीजच्या रसात बुडवलेली 'पापा आ ला उआंकाइना' मागा. वरचं अंडं नको म्हणून आधीच सांगा. कुस्करलेल्या बटाट्याची थंड 'काउसा' अवाकाडो घालून मिळते. जांभळ्या मक्याचं सरबत प्या. फक्त 'मांस नको' एवढंच म्हणू नका. कोंबडीला तिथे पुष्कळजण मांसात धरत नाहीत.

तर, एवढी बोंब कशाबद्दल चालली आहे? या साऱ्या थाटामाटाच्या मुळाशी जाऊन बघा. रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर निखाऱ्यांवर खरपूस भाजली जाणारी 'आन्तिकुचो' म्हणजे गाईबैलांचं हृदय, जे मळेवाले गुलाम आफ्रिकनांच्या वाट्याला टाकत. वोकमध्ये परतलेलं 'लोमो साल्तादो' आणि गल्लोगल्लीच्या 'चिफा' म्हणजे चिनी खाणावळी ही १८४९ पासून करारावर आणून राबवलेल्या चिनी मजुरांची देणगी. 'माइदो'च्या काउंटरवरची ती नजाकत १८९९ मध्ये बोटीने मळ्यांवर कामाला आलेल्या जपान्यांच्या वंशजांची. बड्या घरांनी जे टाकलं, ज्यांना जेवणाच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही, त्यांचंच आज बड्या घरांना दहा पट भावाने परत वाढलं जातंय. खरी खमंग बातमी असेल तर ती ही. यात लिमाला नाकं मुरडायचं काही कारण दिसत नाही. हिशेब उशिरा का होईना, चुकता होतोय.

म्हणून यादीतलं टेबल मिळालं नाही तर ऊर बडवून घेऊ नका. खोली मिराफ्लोरेसमध्ये घ्या, पण हमरस्ता ओलांडून पलीकडे सुर्कियोच्या बाजाराजवळ जाल अशा बेताने. दुपारी तिथे कामावरचे लोक जिथे शिरतात तिथे शिरा आणि नुसतं 'मेनू' म्हणा. सूप किंवा काहीतरी आधीचं, मग भाताबरोबरचा मुख्य पदार्थ, एक सरबत, ठरावीक स्वस्त भावात. शहर खऱ्या अर्थाने जेवतं ते इथे, आणि या ताटाला कोणी नंबर देत नाही. संध्याकाळी आन्तिकुचोची गाडी, त्यावर पाकात बुडवलेली भोपळा-रताळ्याची 'पिकारोनेस'. सेविचे मात्र दुपारीच. मासे पहाटे यायचे, बर्फपेट्या नव्हत्या, तेव्हापासूनचा दंडक आहे हा. रात्री मागितलंत तर पर्यटकी हॉटेलातला वेटर हसत आणून देईल आणि बिलही हसतच देईल. पण शेजारच्या टेबलावरची लिमाकर आजी तुमच्याकडे जी नजर टाकेल, तिच्यापुढे पन्नासांच्या परीक्षकांची काय बिशाद!