म्हशीला बिल्ला, घराला काय?

"कळलं का ताई, आमच्या भावाचे पत्रे सापडले."

"कुठं सापडले?"

"अहो, शेजारच्या उसात! दोन-तीन तर पार ओढ्यापलीकडं. एक बाभळीत अडकलाय, तो अजून तसाच आहे. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढतायत."

शेजारच्या वहिनींचं माहेर दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला. आम्ही शिरूरकर, घोडनदीकाठचे. न्हावऱ्यावरून चौफुला गाठला की त्यांचं माहेर आलंच. पण तिकडची बातमी इकडं पोचायला वहिनींनी धुणं वाळत घालायला बाहेर यावं लागतं. एकदा आल्या की धुणं राहतं बादलीत आणि बातमी वाळत पडते.

"दुपारपर्यंत काही नव्हतं बघा. मग एकदम आभाळ भरलं, वावटळ उठली, मागनं गारा. पुढच्या पडवीचे आणि सोप्याचे पत्रे कैच्या वाकवून गेले. भावाचा सगळा भरवसा दगडांवर. पत्र्यावर दगड, वाळूची पोती, वर जुने टायर. पत्रे गेले वर आणि दगड आले खाली. पोरं मागच्या खोलीत होती म्हणून वाचली."

मागं व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले आप्पा, म्हणजे वहिनींचे सासरे, यांनी चष्मा कपाळावर घेतला. जन्म मास्तरकीत गेला, त्यामुळं कुणीतरी चुकतंय असं वाटलं की त्यांना राहवत नाही. "वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो. वरून जाणारा ओढतो आणि उघड्या पडवीत शिरलेला खालून ढकलतो. म्हणून वळचणीचे आणि कडेचे पत्रे आधी जातात. तिथं जे-हुक जवळजवळ पाहिजेत. दगडाचा काय उपयोग?"

"आप्पा, हे तुम्ही त्याला वास्तुशांतीच्या वेळीच सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. आप्पा परत पेपरात गेले.

मी विचारलं, "पंचनामा झाला का?"

"झाला की. तलाठी भाऊसाहेब आले, ग्रामसेवक आले. कुठं किती पत्रे, भिंतीला तडा आहे का, सगळं लिहून नेलं. भावजय म्हणाली, आता लाखभर तरी मिळतील. मी म्हटलं, बाई, आधी निकष वाच."

निकष मलाही माहीत होते, कारण आमचे दीर तहसीलच्या चकरा मारून मारून अर्धे कारकून झालेत. आपत्ती निवारण निधीचे २०२२ ते २०२६ या काळातले केंद्राचे दर असे: पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाटीच्या भागात १,२०,००० रुपये. अर्धवट पडझड असेल, तर ती निदान १५ टक्के पाहिजे; मग पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. पडवी आणि सोपा गेला म्हणजे अर्धवट पडझड. म्हणजे ६,५००.

"साडेसहा हजारांत हुक आणि वायसर येतील, ताई. पत्रे नाहीत."

आप्पा पेपराआडून बोलले, "निसर्ग वादळाला सरकारनं वाढवून दिले होते की."

त्यांचं खरं होतं. ३ जून २०२० ला ते वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि सह्याद्री ओलांडून आपल्या जिल्ह्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंत पत्रे उडवत आलं. तेव्हा राज्यानं नेहमीच्या दरापेक्षा जास्त मदत दिली. पण ते मोठं, नाव असलेलं वादळ. आपल्या वळवाला कुणी नाव ठेवत नाही. तो एका शिवारात धुमाकूळ घालतो आणि शेजारच्या गावात धुरळासुद्धा उडत नाही. अशा वेळी मिळते ती मदत. ती नुकसानभरपाई नव्हे.

"मग पुढं काय केलं?"

वहिनींनी हातातला टॉवेल झटकला. खरी बातमी आता यायची होती. "पुढं गंमतच झाली. भावानं घर बांधताना कर्ज काढलं होतं. बँकेत गेला, म्हटलं हप्ता दोन महिने पुढं ढकला, घर उघडं पडलंय. तिथल्या बाई म्हणाल्या, अहो, तुमच्या घराचा विमा आहे ना! हा म्हणतो, मी कधी काढला? त्यांनी फाईल उघडून दाखवली. सह्या ह्याच्याच."

असं पुष्कळ घरांत असतं. कर्ज देताना बँक घराचा विमा उतरवायला लावते, हप्ता कर्जातच मिसळतो आणि पॉलिसी फाईलीत जाऊन बसते. पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं, त्यामुळं दाव्याचे पैसे आधी बँकेकडं येतात. पण दावा करायला घरमालकानंच उठावं लागतं.

"मग केला का?"

"केला, पण त्याआधी घोळ. भावजयीनं दुसऱ्याच दिवशी सगळं लख्ख आवरलं होतं. वाकलेले पत्रे भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होते. नशीब भाचा मोबाईलवेडा. त्यानं वावटळीच्या संध्याकाळीच सगळीकडनं फोटो काढून ठेवले होते, स्टेटसला टाकायला. तेच कामाला आले. टेम्पो थांबवला, पत्रे उतरवून घेतले."

हे मात्र प्रत्येकीनं पदराला गाठ मारून ठेवावं. छप्पर गेलं की आधी माणसं बघायची, मग फोटो काढायचे, मग ताडपत्री टाकायची. ताडपत्री टाकायला कुणी अडवत नाही, उलट आणखी नुकसान होऊ न देणं हे आपलंच काम असतं. फक्त तिचं बिल ठेवायचं. मोडकं सामान मात्र सर्व्हेअर बघेपर्यंत हलवायचं नाही. पंचनाम्याची नक्कल मागून घ्यायची आणि पेपरात बातमी आली असेल तर कात्रण कापून ठेवायचं. त्या दिवशी तिथं वारा सुटला होता, हे आपण सांगून भागत नाही, कागदानं सांगावं लागतं.

"सर्व्हेअर कसा होता?"

"पोरगेलासा होता, पण नजर सोनाराची! पत्रा उलटा केला आणि हुकाच्या भोकात बोट घालून बघत बसला. भावाला वाटलं, बोट कापतंय आता ह्याचं. तो म्हणाला, भोकाची कड फाटलीय, धातू चकचकीत दिसतोय, म्हणजे वाऱ्यानं ओढलंय. कड गंजून पसरली असती, तर म्हटलं असतं की पत्रा आधीच गेला होता. मग कैचीचे अँगल मोजले, खोल्या मोजल्या, पॉलिसीतलं क्षेत्रफळ ताडून बघितलं."

सगळी मेख इथंच आहे. विमा वादळाचा असतो, म्हातारपणाचा नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, घरावर पडलेलं झाड, फुटलेली पाण्याची टाकी हे सगळं येतं. गंज, झीज, वर्षानुवर्षांची ओल येत नाही. गवती छप्पर, बांबू, ताडपत्री असलं बांधकाम विमावाले कच्चं धरतात. पत्रा त्या यादीत नाही.

"म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या बंगल्याचं काही व्हायचं नाही," वहिनी हळूच म्हणाल्या आणि त्या दिशेला बघून घेतलं. "त्यांची गच्ची पाच पावसाळे गळतेय. आमच्या भावाचं ऐकून परवा तेही निघाले दावा करायला. म्हणे, यंदाच्या पावसानं स्लॅब खराब झाला. छताला बुरशीचे नकाशे उमटलेत, ते काय यंदाच्या पावसाचे?"

"आणि भावजय काय म्हणते?"

"ती म्हणते, आता निळे रंगीत पत्रे घालू, विम्यातनं. सर्व्हेअर म्हणाला, ताई, होतं तसं करायला लागेल तेवढा खर्च धरतो, रंगाचा फरक तुमच्या पर्समधनं. सोप्यातला कांदा भिजला, तोही लिहायला लावला तिनं. तो म्हणाला, विक्रीचा माल घरसामानात बसत नाही. टीव्ही, गाद्या, कपाट मात्र लिहून घेतलं."

घरसामानाचं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरलं जातं. राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत वेगळे मिळतात. रांजणगाव एमआयडीसीमुळं आपल्या कारेगावाकडं कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी झाल्यात. तिथं खोली मालकाची आणि टीव्ही भाडेकरूचा. मालकाच्या विम्यात भाडेकरूचा टीव्ही येत नाही. भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, पण तो घेतलेला भाडेकरू मला तरी अजून भेटायचाय.

"पैसे किती दिवसांत येतील हो?"

"विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक आहे," मी म्हटलं. "आपण कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा आणि अहवाल हातात पडला की ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. नाही दिला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिनाभर दाद लागली नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं फी नाही आणि वकीलही चालत नाही. आपलं म्हणणं आपणच मांडायचं."

"वकील नाही? मग भावजयीलाच पाठवते. लोकपालच हात जोडतील."

आप्पांनी आता पेपर घडी करून ठेवला. त्यांच्या शिक्षकी पोतडीतून इनामगाव निघणार हे आम्हा दोघींनाही कळलं. डेक्कन कॉलेजानं १९६८ ते १९८३ एवढा काळ तिथं खोदकाम केलं, ते आप्पांना घरचं कार्य असल्यासारखं पाठ आहे. "तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात, घोडनदीच्या काठी, माणसं कुडाच्या भिंती लिंपून वर गवत शाकारत होती. वळीव तेव्हाही असणारच. छप्पर उडालं की गाव जमायचं आणि दुसरं घालायचं. त्यांचा विमा म्हणजे शेजारी."

"आप्पा, आत्ताचे शेजारी बाभळीतल्या पत्र्याचे फोटो काढतायत," वहिनी म्हणाल्या.

मला राहवेना. "तसं नाही वहिनी, विम्याला आपली माणसं बिचकत नाहीत. ट्रॅक्टरचा विमा भरतात, पीकविमा एक रुपयात होता तेव्हा रात्र जागून फॉर्म भरले. तुमच्या भावाच्या म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला आहे. जन्माची कमाई घातलेल्या घराच्या नावानं मात्र आपण होऊन एक कागद करत नाही. जमिनीची किंमत धरायची नसते, फक्त बांधकामाची. वर्षभराच्या मोबाईल रिचार्जपेक्षा हप्ता कमीच पडतो बहुतेकांना. २०२५ ला तर मे महिना संपायच्या आतच दौंड-बारामती-इंदापूरला पावसानं झोडपलं. आता वळीव कुठं संपतो आणि पावसाळा कुठं सुरू होतो हे कुणी सांगावं?"

वहिनी विचारात पडल्या. "मग आपणही उतरवू या का? त्यात काय काय येतं? वरचं सोलर?"

"येतं."

"पाण्याची टाकी?"

"येते. कुंपणाची भिंतसुद्धा येते."

"ही मधली?" त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "ही कुणाच्या विम्यात घालायची?"

"तुमच्याच. आप्पा दर दिवाळीला सांगतात ना, भिंत आम्ही बांधली, विटा आमच्या."

"असं कसं? मागच्या वर्षी रंग तुम्ही दिलात की!"

आप्पा खुर्चीतून उठले. "विटांची पावती आहे माझ्याकडं," म्हणाले आणि ती शोधायला आत गेले.