मोटार चालू स्थितीत आहे

खडकवासला धरणाच्या काठी बोटीच्या मोटारीची दोरी ओढणाऱ्याला एकटेपणा म्हणजे काय ते कळत नाही. पहिल्या ओढीला दोघे थांबतात. पाचव्या ओढीला कणीसवाला निखाऱ्यांना वारा घालायचा थांबतो. दहाव्या ओढीला गर्दीतून आवाज येतो, “कार्बन धरलाय.” हे गृहस्थ साठीपुढचे असतात. त्यांनी बोट कधी चालवलेली नसते. मात्र आकुर्डीची स्कूटर वीस वर्षे रोज सकाळी तिरकी करून चालू केलेली असते. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचे बरोबर असते आणि ते त्यांनाही माहीत असते.

पुढील मार्गदर्शन त्यांच्या हाती पाना जाऊ नये, एवढ्याचसाठी.

निदान

बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या या मोटारीला जाणकार ‘ओबीएम’ म्हणतात. ओले एव्हिनरूडने ती १९०९ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली. तळ्यापलीकडून आणलेले आइस्क्रीम वल्ही मारता मारता वितळले, म्हणून त्याला ती सुचली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे आइस्क्रीम काठावरच मिळते; त्यामुळे मोटारीची घाई कुणालाच नाही.

जुन्या टू-स्ट्रोक मोटारीत तेल पेट्रोलातच मिसळतात. ते पेट्रोलाबरोबर जळते आणि अर्धवट जळाले की त्याची काजळी होते. ती पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आत आणि धूर बाहेर पडायच्या वाटेत बसते. सर्वांत वाईट म्हणजे रिंगांच्या खाचांत बसते. रिंगा चिकटल्या की कॉम्प्रेशन जाते. दोरी ओढताना हाताला विरोध जाणवत नाही, तेव्हा आपली ताकद वाढली असे समजू नये.

प्लग काढून पाहावा. काळा आणि ओला असेल तर संशय बळावतो.

साहित्य

प्लगचा पाना, नवे प्लग, कार्बन सोडवणारा फवारा, सुती चिंध्या, पाण्याने भरलेले पिंप आणि एक रिकामा रविवार. तेल बोटीच्या मोटारीचेच घ्यावे; डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले असते. स्कूटरचे तेल स्वस्त पडते, पण त्याची राख आत उरते. बहुतेक मोटारींना पन्नासास एक हे प्रमाण चालते, म्हणजे लिटरभर पेट्रोलात वीस मिलिलिटर तेल. मोटारीच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तकाचे ऐकावे. ‘थोडे जास्त असू द्या, मशीन मऊ चालते,’ असे सांगणारा भेटेलच. जादा तेल लावल्याने माणसे मऊ चालतात. मोटारीला काजळी धरते.

जागा

धरणात हे काम मुळीच करू नये. हे पाणी पुणे पिते. आपण सोडलेली काजळी आपल्याच नळाला येईल आणि त्या दिवशी नेमका पाणीबंदीचा गुरुवार नसेल. मोटार पिंपात उभी करावी, पाणी पंख्याच्या बरेच वर असावे. कोरडी मुळीच चालवू नये. थंडाव्याचे पाणी खेचणारा रबरी पंखा क्षणांत कामातून जातो. मागून पाण्याची बारीक धार सुटली, म्हणजे प्रकृती ठीक.

कृती

१. मोटार गरम होऊ द्यावी. किंचित वाढवलेल्या गतीवर कार्बोरेटरच्या तोंडाशी फवारा मारत राहावे. मोटार खोकते, गुदमरते आणि शेवटी बंद पडते. हे अपेक्षित आहे. जमलेल्यांना तसे आधीच सांगावे, नाहीतर हळहळ सुरू होते. आसपास कोणी विडी ओढत नाही ना, तेही पाहावे.

२. प्लग काढून त्या भोकांतूनही फवारा मारावा आणि रात्रभर मुरू द्यावे. लोणच्याला जो संयम लागतो, तोच येथे.

३. सकाळी जुनेच प्लग लावून मोटार चालू करावी. धुराचा लोट उठतो. धूर संपला की नवे प्लग लावावेत.

४. एवढ्याने भागले नाही तर हेड उघडावे लागते. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे सैल करावेत. धुराच्या वाटेत चिंधी कोंबून लाकडी पट्टीने काजळी खरवडावी. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर पडलेला ओरखडा कायमचा राहतो. जुने पॅकिंग ‘अजून चांगले आहे’ म्हणून परत बसवण्याचा मोह पुण्यात फार. तो आवरावा.

काजळी जमवण्याची सरकारमान्य पद्धत

काजळी येते कोठून, हे आता सांगतो. आमच्या संस्थेत बोटीचे एक रजिस्टर आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोटार पिंपात ठेवायची, पाच मिनिटे अगदी सावकाश चालवायची, बंद करायची आणि शेरा लिहायचा: ‘मोटार चालू स्थितीत आहे.’ पेट्रोल वाचते, शिस्त दिसते. पण सावकाश, थंड, भाराविना चालणाऱ्या मोटारीत तेल पुरते जळत नाही. म्हणजे मोटार चालू आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण दरमहा ती थोडी थोडी बंद पाडत असतो. बारा शेऱ्यांनंतर ती खरोखरच चालू होत नाही, आणि रजिस्टर मात्र निष्कलंक असते.

समोर धरणात एनडीएचे छात्र शिडाच्या होड्या शिकतात. वाऱ्याला कार्बन धरत नाही. याच धरणाला विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. पाणी ठरावीक पातळीला आले की ते माणसाला न विचारता उघडत. आपल्या मोटारीची मात्र फार मनधरणी करावी लागते, आणि तीही नेमकी पाणी चढत असताना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही. २५ जुलै २०२४ रोजी धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत बोटी घालाव्या लागल्या. पाणी रजिस्टर वाचत नाही.

समारोप

म्हणून शेवटची पायरी सर्वांत अवघड. साफ झालेली मोटार बोटीला लावावी, रीतसर परवानगी घ्यावी आणि भर पाण्यात, वजनासह, चांगली जोरात अर्धा तास न्यावी. आम्ही नेली. परत आलो तेव्हा गर्दी कांदाभज्यांकडे पांगली होती. ते गृहस्थ मात्र थांबले होते. म्हणाले, “आता आवाज बरा आहे.”

रजिस्टरात लिहिले, ‘मोटार चालवली.’ वरून शेरा आला: ‘विहित नमुन्यात नाही. पेट्रोल जास्त का लागले, याचा खुलासा करावा.’