चार्ज यादीतला सर्व्हर

तालुक्याच्या गावी सर्व्हरवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर ते पॅकेजमधूनच बसवावं, सोर्स उतरवून स्वतः कंपाइल करत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि हे मत तांत्रिक नसून निव्वळ प्रशासकीय आहे. अक्कलकुव्याचंच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचं, गुजरातच्या हद्दीजवळचं गाव. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका जागी राहण्याचा सर्वसाधारण काळ ३ वर्षं धरला आहे. आदिवासी भागात माणूस टिकावा म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. माणसाचा ओढा कोणत्या दिशेला असतो हे सांगायला तेवढा निर्णय पुरे आहे. कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा तर बहुधा कंत्राटी, ११ महिन्यांच्या बोलीवर आलेला. उलट उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात, झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या तशा आवृत्तीलाही ५ वर्षं. म्हणजे कंत्राटी मुलगा, साहेब आणि सर्व्हर या तिघांत सर्वांत दीर्घ सेवा सर्व्हरची होते, आणि एकस्तर मात्र त्याला लागू नाही. तेव्हा सॉफ्टवेअर बसवताना बसवणाऱ्याची सोय बघायची की त्याच्या जागी येणाऱ्याची, हा खरा प्रश्न आहे.

कंपाइल करणाऱ्याचा रुबाब वेगळा, हे मान्य. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ अशा तीन आज्ञा सोडल्या की पडद्यावरून अक्षरं अशी काही धावतात की शेजारी उभ्या साहेबांना आपलं कार्यालय श्रीहरिकोट्याला हलवलं की काय असं वाटावं. पण त्या धावपळीत फायली कुठे कुठे जाऊन बसल्या याची सिस्टीमच्या दप्तरी नोंद होत नाही. उद्या काढायच्या झाल्या तर बहुधा मूळ सोर्सचं फोल्डर लागतं. ते ‘न्यू फायनल २’ या नावाने कुठेतरी पडलेलं असतं, आणि ज्याने ते नाव दिलं तो एव्हाना दोंडाईच्याला मोबाइलच्या दुकानात बसलेला असतो. पॅकेजचं तसं नाही. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला ‘डीपीकेजी वजा एल’ म्हटलं की काय काय बसवलंय त्याची यादी समोर येते. एखाद्या बेवारस वाटणाऱ्या फाइलचा मालक कोण, तेही याच डीपीकेजीला विचारता येतं. पॅकेजं उतरवून आणणाऱ्या एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये तर तारीख, वेळ, नेमकी दिलेली आज्ञा आणि ती कोणत्या खात्यावरून दिली, एवढं सगळं उतरलेलं असतं. बदलीच्या वेळी चार्ज यादीत ‘टेबल १, खुर्च्या ४ (पैकी १ मोडकी), कपाट १ (किल्ली नाही)’ इतकं काटेकोर लिहिणारी आपली व्यवस्था सॉफ्टवेअरच्या रकान्यात मात्र रेघ ओढते. त्या जागी या यादीची प्रिंट जोडली तर नवा माणूस पहिल्याच दिवशी शहाणा होईल.

यावर जाणकार म्हणतात की पॅकेजमध्ये शिळी आवृत्ती मिळते. आरोप खरा आहे. डेबियन आपली स्थिर आवृत्ती निघाली की त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये शक्यतो दुरुस्त्याच करतं, नवलाई आणत नाही. पण डिस्क भरली का, डेटाबेस चालू आहे का, बॅकअप झाला का, हे प्रश्न जुनेच आहेत आणि जुनी आवृत्तीही ते नीट विचारते. ज्याला ताजंच हवं त्याच्यासाठी झॅबिक्सवाले स्वतःची रिपॉझिटरी चालवतात, त्यातही पॅकेजंच असतात. शिवाय पॅकेजला एक सभ्यता आहे. तुम्ही कॉन्फिगरेशनच्या फायलीत बदल केला असेल आणि नव्या आवृत्तीने ती फाइल वेगळी आणली असेल, तर डीपीकेजी थांबून विचारतं, तुमची ठेवू की आमची टाकू? काहीच न बोलता एंटर दाबलं तर तुमची ठेवतं. रुजू झाल्या दिवशी आधीच्या माणसाने लावलेली घडी न विचारता मोडणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप इंटरनेटचा. झॅबिक्स एकटं येत नाही. त्याला डेटाबेस लागतो, पीएचपी लागतं, वेबसर्व्हर लागतो. पण हा गोतावळा किती हे एपीटी आधी सांगतं, किती एमबी उतरवावे लागतील तो आकडा देतं आणि हो की नाही विचारतं. रेंज धड नसेल तर ‘एपीटी-ऑफलाइन’ आहे, आपल्याच देशातल्या रितेश राज सर्राफ यांनी लिहिलेलं. अक्कलकुव्याच्या मशीनने हव्या असलेल्या गोष्टींची यादी काढायची, नंदुरबारला चांगल्या लाइनवर ते सगळं उतरवायचं आणि पेनड्राइव्ह एसटीने परत आणायचा. वाटेत तो कोणाच्या खिशात होता याची फार काळजी नको, कारण रिपॉझिटरीच्या यादीवर डिजिटल सही असते आणि त्या यादीशी पॅकेजचा चेकसम जुळला नाही तर एपीटी ते घेत नाही. सोर्सची झिप ‘मित्राकडून’ आणणाऱ्यांकडे याला उत्तर नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप असा, की जिथे लाईटच जाते तिथे देखरेख कसली करायची? मला वाटतं तिथेच ती जास्त हवी. २९ सप्टेंबर २०१० ला देशातली पहिली आधार कार्डं याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी वाटली गेली. म्हणजे आपलं काम दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर अवलंबून असणं इथल्या माणसाला नवं नाही. तेव्हापासून खिडकीपलीकडून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकणंही नवं नाही. कुठला सर्व्हर, कधीपासून, हे विचारायची सोय त्या वाक्यात ठेवलेलीच नसते. १९९९ पासून चालत आलेल्या नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘डाऊन’ आणि ‘अनरीचेबल’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मधला राउटर बंद पडला तर त्याच्या पलीकडच्या मशीनला ते बंद म्हणत नाही, पोहोचता येत नाही एवढंच म्हणतं. अर्थात कोण कोणाच्या मागे आहे हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. देवगोई घाटात दरड कोसळली म्हणून घाटापलीकडचं मोलगी गाव नाहीसं झालं असं कोणी म्हणत नाही, तेवढाच विवेक हा. लाईट गेल्यावर देखरेख करणारं मशीनही झोपेल हे खरं. म्हणून ते दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या लाइनवर ठेवावं.

एक गोष्ट मात्र पॅकेजमधून येत नाही, ती म्हणजे निरोप घेणारा माणूस. नागिओसच्या नमुना फायलीत इशारा पाठवायचा पत्ता लोकलहोस्टचा असतो, शेजारी ‘हा बदला’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि तो बदलला नाही तर सर्व्हर आपलं दुखणं स्वतःलाच कळवत बसतो. तिथे व्यक्तीचा नव्हे, पदाचा ईमेल घालावा, आणि झॅबिक्स असेल तर अख्ख्या जगाला ठाऊक असलेला सुरुवातीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून सीलबंद पाकिटात चार्जसोबत द्यावा. नाहीतर निवृत्त साहेबांना पुण्यात रोज पहाटे अक्कलकुव्याची डिस्क ९५ टक्के भरल्याची खबर मिळत राहील, आणि कितीही कर्तव्यदक्ष असले तरी ते काही करू शकणार नाहीत. कारण पासवर्ड ज्या मुलाने बदलला, तो मोबाइलच्या दुकानातून फोन उचलत नाही.