मुंबईला जातेस? आधी यादी दाखव

– काय गं, सकाळपासून बॅग भरतेस की उपसतेस? ओटीवर सगळा संसार मांडलाय.

– भरतेय हो काकू. उद्या भांडुपला जायचंय, वन्संकडे. चार दिवस. ह्यांनी यादी पण करून दिलीय, पोरांना काय काय दाखवायचं त्याची.

– वाच बघू. माझा चष्मा आत राहिलाय.

– पहिल्या दिवशी राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे. दुसऱ्या दिवशी सिद्धिविनायक, हाजीअली, नेहरू सायन्स सेंटर, जुहू. तिसऱ्या दिवशी मॉल.

– आणि चौथ्या दिवशी दवाखाना.

– काकू!

– अगं, धाकटी दोन वर्षांची. थोरल्याला आत्ता कुठे चौथं लागलंय. ही यादी कॉलेजच्या सहलीची आहे. आणि मत्स्यालय खोडून टाक आधी, ते कोविडपासून बंद आहे. 1951 सालची इमारत, धोकादायक ठरवली. तुझ्या नवऱ्याने लहानपणी बघितलं असेल, तेच लिहून दिलंय.

– तरी मी म्हटलं, एवढं सगळं कसं होणार. तर म्हणाले, खालच्या आळीतल्यांनी एका दिवसात पाच ठिकाणं केली.

– केली ना! त्या घरातल्या बाईच्या मोबाइलमधले फोटो मी बघितलेत. गेटवेपुढे पोरगं खांद्यावर, डोळे मिटलेले. चौपाटीवर पोरगं मांडीवर, डोळे मिटलेले. पेंग्विनच्या काचेपुढे उघडे आहेत, पण रडतंय. आणि सगळ्या गावाला सांगत फिरते, आमच्या बाळाने मुंबई बघितली. तू मुंबई पोरांना दाखवायला चाललीस की गावाला सांगायला, ते आधी ठरव.

– पोरांनाच हो. मग काय काय ठेवू यादीत?

– दिवसाला एक. तेही सकाळचं. धाकटी दुपारी किती वाजता झोपते?

– बारा-साडेबाराला. भात खाल्ला की लगेच.

– मग साडेबाराला तू भांडुपच्या घरात तरी पाहिजेस, नाहीतर गाडीत बसलेली तरी. झोप मोडली की संध्याकाळपर्यंत ती तुला मोडणार. आता सांग, जाणार कशी? नेरळवरून की कर्जतवरून?

– हे म्हणतात नेरळवरून.

– पोरं घेऊन कर्जतला जा बाय. गाडी तिथूनच सुटते, रिकामी मिळते, खिडकी मिळते. नेरळला चढलीस तर कर्जतवाल्या खिडक्या धरून बसलेल्याच असतात. आणि पहाटेची गाडी नको. सात-आठच्या गाडीला बदलापूर-अंबरनाथला जी गर्दी चढते त्यात मोठ्या माणसाचा जीव गुदमरतो. साडेनऊनंतर निघ. नेहमीच्या डब्यात शिरू नकोस, लेडीज डबाच धर. तिथे क्लिपावाली येते, टिकल्यावाली येते, चिक्कीवाली येते, पोरांची करमणूक फुकट. तिकीटही तुझ्या एकटीचंच, पाच वर्षांखालच्या पोरांना रेल्वेत तिकीट लागत नाही.

– भांडुपला फास्ट गाडी थांबत नाही ना पण?

– नाही. ठाण्याला उतर आणि स्लो पकड. आणि ठाण्याला तो सरकता जिना आहे, तिथे थोरला तासभर अडकणार हे लिहून ठेव. वर जायचं, खाली यायचं, परत वर. चढू दे दोन-चार वेळा. फक्त पायात पट्ट्याचे बूट घाल, ते मऊ रबरी नकोत. जिन्याच्या कडेला अडकतात. धाकटीला मात्र उचलूनच घ्यायचं.

– काकू, एक विचारू? गाडीत... म्हणजे धाकटीची शू?

– हां, हे खरं विचारलंस! लोकलमध्ये संडास नसतो. कर्जतपासून ठाण्यापर्यंत सव्वा-दीड तास. तेव्हा कर्जतला गाडीत चढायच्या आधी दोघांना नेऊन आण, आणि धाकटीला डायपर लाव.

– सासूबाई ओरडतील. म्हणतात, सवय मोडते.

– सासूबाई गाडीत नसणार आहेत. प्रवासापुरता लावायचा, घरी गेलं की काढायचा. दोन दिवसांत काही सवय मोडत नाही. एक जादा चड्डी-फ्रॉक पर्समध्येच ठेव, बॅगेत नको. बॅग वर रॅकवर जाते आणि मग हवी तेव्हा खाली येत नाही. खायला मऊ भात, चुरमुरे, केळं. नाचणीचं सत्त्व बाटलीत भरून. वडापाव मोठ्यांसाठी. कर्जतचा दिवाडकरांचा वडा तू खा, पोरांना तिखट लागलं की पाणी मागतात, आणि पाणी प्यायलं की पुढचं तुला माहीत आहे.

– बरं, आता राणीची बाग तरी जाऊ की नको?

– जा की! तीच तर पहिली. भांडुपवरून स्लो गाडी थेट भायखळ्याला जाते, उतरायचं आणि पूर्वेला चालत. सकाळी उघडते साडेनऊला, तेव्हाच आत शिर. बुधवारी बंद असते हे विसरू नकोस. माझ्या भाचीने बुधवारी जाऊन कुलूप बघितलं आणि पोरांना सांगितलं, वाघ झोपलाय. आणि रविवारी तर मुळीच नको, तिथे प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त असतात.

– पेंग्विन अजून आहेत ना?

– आहेत तर. 2016 साली कोरियाहून आठ आणले होते, पुढच्या वर्षी लोकांना दाखवायला उघडले. आता तिथेच त्यांची पिल्लं होतात. आत गार असतं, धाकटीचा स्वेटर पर्सला बांधून ठेव. आधी थेट पेंग्विन कर, मग बाकीचं. पोरं थकल्यावर गर्दीत काचेपाशी उभी राहत नाहीत. आणि बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे ने. आत जायची गरज नाही, बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे तो दाखव.

– दगडी हत्ती? त्यात काय?

– अगं, तो आपल्या रायगडातला हत्ती आहे. घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे तसेच पडले होते, 1914 साली जोडून उभा केला. थोरल्याला सांग, हा पडला होता, तुटला होता, मग बरा झाला. चार वर्षांच्या पोराला पेंग्विनपेक्षा ही गोष्ट जास्त दिवस पुरते. गुडघा फुटला की आठवते.

– तुम्हाला बरं हे सगळं माहीत!

– भाऊ लालबागला राहायचा ना माझा. नातवंडं सांभाळायला मीच जायची. पोरं रडली की एकच जागा जवळ, राणीची बाग. माळी ओळखायचे मला.

– मग म्हातारीचा बूट?

– बूट छान आहे, खोटं कशाला बोलू. 1952 सालची बाग, आम्ही पण लग्नानंतर तिथेच फोटो काढला. पण मलबार हिलवर. भांडुपवरून गाडी, मग टॅक्सी, मग वर रांग, मग बुटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचं आणि परत. थोरल्याला मजा येईल, धाकटी जिन्यात घाबरेल. वेगळ्या दिवशी जमलं तर बघ, राणीच्या बागेबरोबर जोडू नकोस. सायन्स सेंटर पोरं शाळेत गेल्यावर. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, बाबागाडी घेऊन तिथे तारांबळ. सिद्धिविनायकाला घरून हात जोड, मंगळवारी तर हमखास घरूनच.

– आणि दादरचा कबुतरखाना? थोरल्याला कबुतरं फार आवडतात.

– तो 2025 साली बंद केला की. हायकोर्टात गेलं प्रकरण. कबुतरांच्या विष्ठेने छातीचे आजार होतात म्हणून. आता रस्त्यावर कुठे दाणे टाकले तरी महापालिका दंड करते. कबुतरं तुझ्या वन्संच्या खिडकीत येतील, काळजी नको. ती बघ म्हणावं, फुकट. खिडकीवरून आठवलं, कितवा मजला?

– सातवा.

– ग्रिल आहे का विचार आधी. नुसतं विचारू नकोस, गेल्या गेल्या हात लावून बघ. आणि खिडकीखालचा सोफा, स्टूल, कुंडी, सगळं बाजूला सरकव. आपली पोरं जमिनीवरची, अंगणातून ओटी, ओटीवरून अंगण. त्यांना सातवा मजला म्हणजे काय ते कळत नाही. वन्सं रागावली तर रागावू दे.

– ती नाही रागवत, पण तिची पांढरी चादर...

– तिला माहीत आहे कोण येतंय ते. आणि लिफ्ट आहे ना? मग झालं. संध्याकाळचा कार्यक्रम तोच. खाली जायचं, वर यायचं, बटण थोरल्याने दाबायचं. हसू नकोस. गेल्या शनिवारी पलीकडच्या फार्महाऊसवर ती गाडीवाली मंडळी आली होती बघ, अंधेरीची. त्यांना पोराला आंबिवलीची लेणी दाखवायची होती, नेरळची माथेरानची गाडी दाखवायची होती. आणि पोरगं आमच्या कोंबडीमागे लागलं ते दोन दिवस कोंबडीमागेच. लेण्यात रडलं, परत आलं, कोंबडी बघून हसलं. आई बिचारी मला सांगते, एवढा खर्च केला हो. मी म्हटलं, कोंबडीचा खर्च नाही धरत आम्ही.

– पण माथेरानच्या गाडीत आपली पोरं पण कुठे बसलीत अजून.

– तेच म्हणते मी! 1907 पासून आपल्या दारात आहे. पुरात रूळ वाहून गेले, तीन वर्षं नेरळवरून बंद होती, 2022 ला परत सुरू झाली तेव्हा पेपरात फोटो आले. तरी आपण मात्र पोरांना घेऊन मुंबईला पळतो, आणि मुंबई पोरांना घेऊन इकडे पळते.

– मग जाऊच नको का?

– जा गं, वन्सं आहे, माया आहे, जायलाच पाहिजे. फक्त तिथे गेल्यावर पोरं जिथे थांबतील तिथे तू थांब. एक दिवस चौपाटी कर, गिरगावची. चर्नी रोडला उतरायचं. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. वाळू आणि एक डबा, बाकी काही लागत नाही. पाण्यात मात्र सोडू नकोस, ते काही आपल्या पेज नदीचं पाणी नाही. आणि अंधार पडायच्या आत परत फिर. पाचनंतर चर्चगेटकडून काय, सीएसएमटीकडून काय, माणसांचा लोंढा सुटतो.

– थोरल्याला रात्रीचे दिवे बघायचेत. सारखा म्हणतो, मुंबईला खूप लायटी असतात.

– सातव्या मजल्यावरून दिसतील तेवढे पुरेत. आणि त्याला सांग, त्यातली काही लाइट आपल्या भिवपुरीवरून येते. टाटांचं वीजघर 1922 पासूनचं. डोंगरावरचं पाणी खाली आणतात, वीज काढतात, वीज जाते मुंबईला आणि पाणी सोडतात पेजेत. म्हणून तर उन्हाळ्यात पण आपल्या नदीला पाणी असतं. पोराला म्हणावं, तू ज्या पाण्यात डुंबतोस ना, त्याने आधी दिवा लावलाय.

– हे छान सांगितलंत.

– आणखी एक. दोघांच्या खिशात चिठ्ठी ठेव, तुझा आणि वन्संचा नंबर. थोरल्याला नंबर पाठ असला तरी ठेव, गर्दीत पोरं नावसुद्धा विसरतात. चुकलंच कोणी तर पोलीस आहेत, रेल्वेचा 139 आहे, मुलांसाठीचा 1098 आहे. आणि कपडे भडक घाल, लाल नाहीतर पिवळे. तो आकाशी शर्ट राहू दे.

– बरं. म्हणजे राणीची बाग एक दिवस, चौपाटी एक दिवस, एक दिवस घरी लिफ्ट. गेटवे खोडू मग?

– खोड. दोन वर्षांच्या पोरीला गेटवे म्हणजे भिंत. का गं, पेन का थांबलं?

– काही नाही.

– बोल की.

– मी नाही हो बघितलेला गेटवे. लग्नाआधी वावोशीवरून कोण नेणार होतं मुंबईला, आणि लग्नानंतर भांडुपच्या पुढे गेलेच नाही. ती दोन मजली बस असते ना, वर बसायची, ती पण नाही बघितली. ह्यांना मीच म्हटलं होतं, गेटवे लिही.

– हात्तिच्या! मग असं सांग की सरळ. उगाच पोरांच्या नावावर कशाला घालतेस? पोरं घरी ठेव आणि जा.

– एकटी?

– वन्संला घेऊन. पंधरा वर्षं भांडुपला राहते, विचार तिला, कधी बसलीय का दोन मजली बसमध्ये. नसणारच. सकाळी धुणं, दुपारी पोळ्या, संध्याकाळी क्लासला पोरं. जुन्या लाल दोन मजली बस 2023 साली काढून टाकल्या, पण आता विजेवरच्या एसी निघाल्यात. सीएसएमटीवरून एनसीपीएला जाते 115 नंबरची. वरच्या मजल्यावर पुढची सीट धरायची. शेवटच्या स्टॉपला उतरलं की मरीन ड्राइव्हचं टोक, समोर समुद्र. तिथे कठड्यावर बसा, कणीस खा. मग टॅक्सीने गेटवे. बसचं तिकीट बारा रुपयांपासून पुढे.

– आणि पोरं?

– वन्संचे मिस्टर आहेत ना. डबा भरून ठेव, झोपायची वेळ सांग, डायपर कुठे आहे ते दाखव. चार तासांत काही होत नाही. फार तर टीव्ही बघतील.

– ते रविवारीच असतात हो घरी.

– रविवार नको बाय, मध्य रेल्वेला मेगाब्लॉक असतो, अकरा ते चार गाड्यांचे हाल. शनिवारी सुट्टी घ्यायला सांग त्यांना. काय म्हणून सांगायची ते वन्सं बघून घेईल, तिला सवय आहे. आणि यादीत वरती लिही आता, ठळक अक्षरात: शनिवार, गेटवे, पोरं नाहीत.