पान 31 कुठे गेलं, साहेब?

माननीय साहेब,

तुम्ही बजावलेलं दोषारोपपत्र मी आजवर दहा वेळा वाचलं. तीन दोषारोप, चार जोडपत्रं. भाषा नेहमीसारखीच चोख आहे, म्हणून जास्त लागली. जोडपत्र 3 मध्ये पुराव्याची कागदपत्रं आहेत. त्यात माझ्या नस्तीचं पान 30 आहे, पान 32 आहे. पान 31 नाही. त्या पानावर जिल्हा रुग्णालयानं दिलेलं माझं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे. विसरलात असं मी म्हणणार नाही. तुम्ही ते गाळलंत.

मला बायपोलर आजार आहे. लिथियम चालू आहे, रात्री झोपेची जड गोळी असते. तिची गुंगी सकाळी लवकर उतरत नाही. 9.45 ची बायोमेट्रिक मला दहा-वीसला गाठता येते. म्हणून मी दोनदा अर्ज केला, की साडेदहाला येते आणि संध्याकाळी सातपर्यंत बसते. दोन्ही अर्जांवर तुमचा एकच शेरा: ‘नियमात तरतूद नाही.’ आणि मग त्याच उशिराचे 23 दिवस मोजून पहिला दोषारोप तयार झाला.

तरतूद आहे, साहेब. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधला आहे आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. कलम 20 म्हणतं की दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही. हे काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. आपल्या इमारतीला रॅम्प झाला तेव्हा फीत तुम्हीच कापलीत. मी मागितलेला पाऊण तास हा माझा रॅम्प होता. त्याला तर सिमेंटही लागणार नव्हतं.

दुसरा दोषारोप 19 दिवसांच्या ‘अनधिकृत गैरहजेरी’चा. ते 19 दिवस कसे होते ते सांगते, कारण जोडपत्रात ते फक्त तारखांनी आलेत. मी अंथरुणातून उठत नव्हते. दात घासणं हे दिवसाचं काम होतं आणि तेही होत नव्हतं. आई वरणभात कालवून घास हातात द्यायची आणि तो हातातच वाळायचा. तुमचा फोन वाजलेला मला ऐकू यायचा, पण उचलायला हात जात नव्हता. दुसऱ्याच दिवशी यजमान डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आस्थापना शाखेत आले होते. त्यांना तुम्ही सांगितलंत की अर्ज कर्मचाऱ्यानं स्वतः, विहित नमुन्यात आणि आगाऊ द्यायचा असतो. तुमच्या मुलीला असं झालं असतं तर तिच्याकडे नमुना मागितला असता का?

तिसरा दोषारोप मी नाकारत नाही. चार रात्री झोप नव्हती, डोकं नुसतं धावत होतं. सभेत तुमचं बोलणं तोडून मी ओरडले. तुम्हाला सगळ्यांसमोर ते लागलं असणार. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून औषध बदलून आल्यावर केबिनमध्ये येऊन मी माफी मागितली. तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात. त्या ‘ठीक आहे’वर मी विश्वास ठेवला होता, साहेब.

केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका सहायक कमांडंटचं प्रकरण वाचा. 2009 मध्ये त्यांना ओसीडी झाला, पुढे नैराश्य आलं. मारावं किंवा मरावं या विचारांनी पछाडल्याचं ते बोलले, आणि 2010 मध्ये तक्रार होऊन चौकशी लागली. हातात बंदूक असलेल्या माणसाचं प्रकरण होतं ते, माझ्यासारखं आवक-जावक नोंदवहीचं नव्हे. तरी 17 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कारवाई रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालात स्पष्ट आहे: गैरवर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असायला हवं असं नाही, ते अनेक कारणांपैकी एक असलं तरी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच भेदभाव ठरतो. धोक्याचाही विचार न्यायालयानं केला. शस्त्र हाताळावं लागणार नाही असं दुसरं काम देण्याची मोकळीक दलाला ठेवली. माणूस मात्र नोकरीत राखला.

तुम्ही दुसऱ्या कामाचा विचार कधी केलात? अभिलेख कक्षात वर्षभर जागा रिकामी आहे. तिथे ना खिडकीवरची रांग, ना सकाळची घाई. मी तोंडी विचारलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, ‘तुमच्या भरवशावर रेकॉर्ड सोडू?’ बाहेर तीन जण ऐकत होते. तेव्हापासून डब्याच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

हे छापून आलं तर वर्तणूक नियमांखाली चौथा दोषारोप येईल, हे यजमानांनी बजावलंय. येऊ दे. निदान त्याच्या पुराव्याच्या यादीत हे पत्र पूर्ण लावावं लागेल.

गुरुवारची सुनावणी तुम्ही सकाळी दहाला ठेवली आहे. ती साडेअकराला घ्यावी, ही विनंती. हा कलम 20 खालचा माझा तिसरा अर्ज समजावा. पान 31 ची छायांकित प्रत मी सोबत आणते आहे. चौकशी अधिकाऱ्यांसमोर ती तुम्ही स्वतः वाचून दाखवावी.

आपल्याच कार्यालयातील
एक वरिष्ठ लिपिक