तिकिटाची रास

विमानाच्या तिकिटावर नाव, तारीख, वेळ आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो, आणि कोपऱ्यातलं एकटं इंग्रजी अक्षर मात्र तसंच राहून जातं. कधी वाय, कधी क्यू, कधी व्ही. ती तिकिटाची रास. एफ म्हणजे पहिला वर्ग, जे म्हणजे बिझनेस, वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, इथवर बहुतेक कंपन्यांचं एकमत. त्यापुढे ज्याचं त्याचं पंचांग. काही तिकिटांवर तर अख्खी कुंडलीच मांडलेली असते: एच असेल तर गर्दीचा मोसम, एल असेल तर मंदीचा, आरटी म्हणजे जाऊन-येऊन, सीएच म्हणजे मूल. मांडीवरच्या बाळाची खूण पूर्वापार आयएन ९०, म्हणजे नव्वद टक्के सूट. एवढी सूट आयुष्यात पुन्हा मिळवायची, तर विमान कंपनीत नोकरीच धरावी लागते. तिथल्या माणसांच्या सवलतीला आयडी ९० म्हणतात.

गंमत अशी, की इकॉनॉमीतल्या इकॉनॉमीत अक्षर बदललं म्हणून खुर्ची बदलत नाही. वाय, क्यू, व्ही, गुडघे तिघांचेही पुढच्या पाठीला टेकलेले, उपमा तिघांचाही सारखाच कोमट, आणि भाडं मात्र तिघांचं तीन तऱ्हांचं. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ नावाचं स्वस्त भाडं काढलं, ते आधीपासून बेत ठरवणाऱ्यांसाठी. पुढे कंपन्यांनी आणखी एक मासलेवाईक अट रूढ केली: स्वस्तात जायचं असेल तर शनिवारची रात्र तिकडेच काढा. कामाला गेलेला साहेब शनिवारी घरी परतणारच, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. संसाराचा एवढा बारकाईने अभ्यास कादंबरीकारांनीही क्वचितच केला असेल. जो उशिरा तिकीट काढतो तो कामाचा माणूस, त्याचे पैसे कचेरी भरते, तेव्हा त्याला महागडं अक्षर द्या, असा तो साधा तर्क.

नागपूरच्या विमानात एकदा माझ्या शेजारी एक बाई होत्या. सामान नाही, हातात पर्स, पायात घरातल्या चपला, आणि मुठीत चुरगळलेल्या बोर्डिंग पासवर वाय. मी व्हीवाला, लग्नाची तारीख कळल्या दिवशीच तिकीट काढून मोकळा झालेला. “वडील,” एवढंच त्या म्हणाल्या. कंपनीच्या लेखी बहुधा त्या बड्या साहेब होत्या, तातडीच्या मीटिंगला निघालेल्या. मी चिवड्याचा डबा पुढे केला. त्यांनी नको म्हटलं, मग बऱ्याच वेळाने दोन दाणे उचलले. “परत कधी?” असं विचारून बसलो, तर म्हणाल्या, “काही ठरलं नाही हो.” वायला ते चालतं, तारीख हवी तेव्हा बदला, वाटलं तर रद्द करा. पुढे माझा डबा निम्मा होईपर्यंत त्या वडिलांच्या पानसुपारीबद्दल बोलत राहिल्या.